लुआच्या दुकानाची भवानी

संध्याकाळचे पावणेपाच झाले की तामकाका पांढरा सदरा अंगात घालायचे. इस्त्रीचा, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. वय बहात्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, पण सदऱ्याला एक सुरकुती चालायची नाही. सायगॉनच्या चार नंबर भागातल्या त्या गल्लीत गाडीवाले घड्याळ बघतच नसत. काकांचा सदरा दाराबाहेर दिसला की सगळ्यांच्या हाताला घाई सुटायची. बुटकी प्लास्टिकची स्टुलं फुटपाथवर उतरायची, कोळसे फुलायचे, टोपांवरची झाकणं निघायची, आणि जो तो मान वर करून बघायचा की काका आज आधी कुणाकडे वळतात.

कारण गल्लीतली भवानी तामकाकांच्या हातची होती.

पहिलं गिऱ्हाईक चांगलं तर संध्याकाळ चांगली. पहिलंच गिऱ्हाईक माल चिवडून, भाव पाडून, काही न घेता निघून गेलं की संपलं, मग रात्रभर माश्या मारायच्या. असं कुणी आलंच तर कागद पेटवायचा, मालावरून ओवाळायचा आणि रस्त्यात फेकायचा, हा त्यावरचा उतारा. 'आपला नाही बुवा असल्या गोष्टींवर विश्वास' असं म्हणणारा गल्लीत एकच होता, थिन कॉफीवाला, आणि जुन्या वर्तमानपत्रांची सगळ्यात मोठी चळत त्याच्याच गाडीखाली होती.

तामकाका भाव करायचे नाहीत. नाक मुरडायचे नाहीत. थिनकडे अर्धा पेला कॉफी, पुढे तांदळाचा एक भाजलेला पापड, त्यापुढे उसाच्या रसाचे चार घोट. पैसे द्यायचे, चारचौघांना ऐकू जाईल असा एक चांगला शब्द बोलायचा आणि पुढे सरकायचं. शेवटी लुआच्या गाडीवर जाऊन बसायचे ते मात्र पोटभर खायला. गवती चहा घालून वाफवलेल्या समुद्रातल्या गोगलगायींची एक थाळी, बाजूला मीठ-मिरी आणि ती बोराएवढी आंबट संत्री. टाचणीने एकेक गोगलगाय बाहेर ओढायची, संत्रं पिळायचं, तोंडात टाकायची आणि डोळे मिटायचे.

सुरुवातही लुआपासूनच झाली होती. वीस वर्षांपूर्वी तिची आई गेली आणि एकोणीस वर्षांच्या त्या पोरीने आईची गाडी पहिल्यांदा एकटीने लावली. आठ वाजले तरी कुत्रं फिरकलं नव्हतं. काका तेव्हा सायकलरिक्षा चालवायचे. दिवसभर परदेशी पाहुण्यांना शहर दाखवून, पाय मोडून परत येत होते. ते पोरीसमोर बसले, आख्खी थाळी चाटूनपुसून खाल्ली आणि रस्त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, "आई गेली, पण हात इथेच ठेवून गेली." तासाभरात टोप रिकामा. दुसऱ्या दिवशी पोरगी काका येईपर्यंत झाकणच उघडेना. मग तिचं बघून शेजारच्याने धरलं, त्याचं बघून पलीकडच्याने, आणि वर्षभरात अकरा गाड्या काकांच्या नावावर उघडायला लागल्या.

"पायगुण-बियगुण काही नसतं रे, मला भूक लागते एवढंच," असं काका म्हणायचे. पण मनातून त्यांना ते खरं वाटायचं, आणि वाटू नये तरी का? बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती. निम्म्या रस्त्यांवर सायकलरिक्षा यायला बंदी झाली होती, आणि त्यांची रिक्षा घराच्या बोळात ताडपत्रीखाली उभी होती. उरलं होतं ते हे एवढंच. दिवसातून एकदा, पाच वाजता, अकरा माणसं त्यांची वाट बघायची.

त्या वर्षी अकराव्या चांद्रमहिन्यात काकांच्या उजव्या गुडघ्यात पाणी झालं, आणि एका संध्याकाळी त्यांना निघायला अर्धा तास उशीर झाला. नेमकी त्याच दिवशी त्यांची नात क्वेन एका पाहुणीला घेऊन लवकर आली. क्वेन काकांच्या मुलीची मुलगी. मुलगी-जावई दूर किनाऱ्याकडच्या गावी, आणि ही आजोबांजवळ. आजोबांनी तीन चाकांवर जे केलं तेच ती दोन चाकांवर करायची. एका कंपनीकडून पाहुणे घ्यायचे, स्कूटरवर मागे बसवायचे आणि रात्रीचं सायगॉन दाखवून, चार ठिकाणी खाऊ घालून हॉटेलावर सोडायचे. ही पाहुणी हॉलंडची होती, दाराच्या चौकटीएवढी, आणि त्या रात्री तिचं विमान होतं, म्हणून सगळंच तासभर अलीकडे आणलेलं.

ती थेट लुआच्या गाडीपाशी आली. लुआने दोन्ही हात हलवून सांगितलं की अजून नाही, अजून नाही. बाईला वाटलं, स्टूल आपलं वजन पेलणार नाही असं ही सांगतेय. तिने स्टूल हलवून बघितलं, हळूच टेकली, मोडलं नाही म्हणून स्वतःच खो खो हसली आणि टोपाकडे बोट दाखवलं. आता बसलेल्या माणसाला उठवणार कसं? लुआने थाळी दिली. बाईने कोपरापर्यंत रस ओघळू देत थाळी संपवली, दुसरी मागितली, सांगितला तो पैसा दिला, वर लुआला मिठी मारली. काका सव्वापाचला लंगडत पोचले तेव्हा ती निघत होती. आणि त्या रात्री साडेआठलाच लुआचे सगळे टोप पालथे पडले.

"कावळा बसायला आणि फांदी तुटायला," काका म्हणाले.

"तसं नाही काका," थिन कॉफी गाळता गाळता म्हणाला. "तुमचा पायगुण गावठी. हा बाहेरून आलेला माल."

सगळे हसले. काकाही हसले. पण दुसऱ्या दिवशी लुआने क्वेनला विचारलं की आज कुणी आहे का गं जाडसर, हसरं? आठवड्याभरात पापडवालीने विचारलं. क्वेनच्या कंपनीला कल्पना एवढी आवडली की पाहुण्यांच्या सफरीत ती रीतसर घातलीच, की गाडीवर पहिलं गिऱ्हाईक व्हायचा मान पाहुण्याला. पाहुणे खूश, गाडीवाले खूश. काकांना कुणी येऊ नका म्हटलं नाही. उलट पाच वाजता ते दिसले की "बसा ना काका, चहा घ्या" म्हणायचे, आणि चहाचे पैसे घ्यायचे नाहीत. चहा फुकट मिळायला लागला तेव्हा काकांना सगळं कळलं.

घरी त्यांनी क्वेनला एक शब्दाने विचारलं नाही. फक्त जेवताना म्हणायचे, "आमटी वाढ, पण जरा थांब, आधी एखादा परदेशी चाखून जाऊ दे."

"आजोबा, टोमणे कशाला मारता? माझं काम आहे ते."

"टोमणा नाही गं. तुझ्या आमटीचं भलं बघतोय."

तरीही काकांची एक आशा शाबूत होती. लुआ दुकान घेत होती. वीस वर्षं फुटपाथवर काढून तिने गल्लीच्या तोंडाशी एक गाळा भाड्याने घेतला होता. पाठीमागे भिंत, डोक्यावर छप्पर, लोखंडी शटर, आठ टेबलं. होतं नव्हतं ते सगळं त्यात घातलेलं. पंचांग बघून सोळा तारखेची संध्याकाळ, पाचचा मुहूर्त काढलेला. गाडीची भवानी एका रात्रीपुरती असते, दुकानाची वर्षाची असते. त्या भवानीसाठी लुआ आपल्याकडेच येणार, याबद्दल काकांना शंका नव्हती. नव्याचे नऊ दिवस, ते गाडीवर ठीक. दुकान म्हणजे खेळ नाही. काकांनी गुपचूप नवा सदरा शिवायला टाकला.

चौदा तारखेला संध्याकाळी क्वेन म्हणाली, "आजोबा, आज पाहुणे नाहीत. चला, तुम्हाला फिरवून आणते."

"मला? मी हे शहर तुझ्या जन्माआधीपासून दाखवतोय."

"दाखवलंत. बघितलंत कुठे? मागे बसून फक्त बघा."

सायकलरिक्षात पाहुणा पुढे बसतो आणि चालवणारा मागे, त्याच्या डोक्यावरून बघत. शहर आधी पाहुण्याला भेटतं. तीस वर्षं काकांनी शहर लोकांच्या टोप्यांवरून बघितलं होतं. आता ते नातीच्या मागे बसले, एक हात तिच्या खांद्यावर, एक दुखऱ्या गुडघ्यावर, आणि स्कूटर हजार स्कूटरींत शिरली.

काय गर्दी ती. पण कुणी कुणाला घासत नव्हतं. एका स्कूटरवर नवरा-बायको, मध्ये दोन पोरं आणि हँडलला टांगलेलं कलिंगडांचं जाळं. एकावर चौकटीसकट आरसा घेऊन बसलेली म्हातारी, आणि त्या आरशात मागून येणारं अख्खं शहर दिव्यांसकट चाललेलं. क्वेन फुलांच्या रात्रीच्या बाजारातून गेली. डोंगरातून आलेले शेवंतीचे भारे ट्रकमधून उतरत होते आणि बायका त्यांवर पाणी मारत होत्या, त्यामुळे अख्ख्या रस्त्याला ओल्या देठांचा वास. मग ती पाहुण्यांच्या दंग्याच्या रस्त्याकडे वळली. तिथे दोन्ही बाजूंनी वेगवेगळी गाणी आदळत होती, पोरगे तोंडातून आग काढत होते आणि लालबुंद झालेले परदेशी गुडघे हनुवटीला लागतील अशा बुटक्या स्टुलांवर बसून बिअर पीत होते. काकांच्या छातीत ढोल वाजत होते.

"कान फुटले," ते म्हणाले.

"थांबू का नको?"

"थांब की जरा. फुटलेच आहेत तर पूर्ण फुटू दे."

चाकावरचा कर्णा घेऊन एक माणूस टेबलांमधून गोळ्या विकत गात फिरत होता. विरहाचं जुनं गाणं, आवाज अस्सल. काकांनी गोळ्यांची एक पुडी घेतली, भाव न करता, आणि मोठ्याने म्हणाले, "गळा आहे बाबा." सवयच ती. मागच्या टेबलावरच्या चार परदेशी पोरींनी वळून पाहिलं, आणि त्यांनीही पुड्या घेतल्या. क्वेनने ते बघितलं.

परतीला तिने खान होई पुलावर स्कूटर उभी केली. खाली काळं पाणी, पाण्यात उंच इमारतींचे दिवे, एकेक रंग बदलत वाहत होता. एक बोट गेली आणि सगळे दिवे मोडून परत जुळले. एवढं देखणं शहर आपण ओढलं, वर्षानुवर्षं, पायांनी, असं काकांच्या मनात आलं आणि त्यांचा ऊर भरून आला.

"आजोबा," क्वेन म्हणाली, "परवाची लुआमावशीच्या दुकानाची भवानी माझा एक पाहुणा करणार आहे. मावशीनेच सांगितलंय. तुमच्याशी बोलायचं तिला जमेना, म्हणून मला म्हणाली."

काका पाण्याकडे पाठ करून उभे राहिले.

"म्हणून ही सफर," ते म्हणाले. "फिरवून आणते म्हणालीस तेव्हाच मी ओळखायला हवं होतं."

"तसं नाही हो."

"तसंच आहे. चल घरी. गुडघा दुखतोय."

सोळा तारखेला क्वेनने सकाळभर त्यांच्या गुडघ्याला तेल चोळलं. सकाळी दहापर्यंत तर त्यांना पाय खाली ठेवता येत नव्हता. दुपारी ठणका उतरला, पण बाहेर कशाला जायचं? पावणेपाचला मात्र त्यांनी सदरा घातला. नवा. आणि खुर्चीत बसून राहिले. बाहेर फुलांचे उंच स्टँड नेताना कुणी "बाजूला, बाजूला" म्हणत होतं. त्यांच्यावर तांबड्या फिती, शुभेच्छा लिहिलेल्या. काकांनी पंखा सुरू केला, मग बंद केला.

पाच वीसला क्वेन धापा टाकत आत आली. डोळ्यांचं पाणी गालावर आलेलं.

"आजोबा, सगळं बिघडलं."

पाहुणा उंच, दाढीवाला, एकदम सज्जन पोरगा होता. पुलावर स्कूटरी खोळंबल्या, पोचायला अगदी पाच वाजले आणि क्वेनला त्याला धड समजावून सांगायला वेळच मिळाला नाही. पोरगा बसला. सगळी गल्ली गोळा झालेली. लुआने थाळी पुढे ठेवली, भाव सांगितला. आणि त्याच्याकडच्या पुस्तकात लिहिलं होतं म्हणे, की या देशात अर्ध्यात मागावं, नाही दिलं तर उठून चालायला लागावं, ते मागून हाक मारतात. पोरगा हसत अर्ध्यात मागायला लागला. लुआच्या तोंडून शब्द फुटेना. तो आणखी हसला, उठला आणि चालायला लागला.

"मग मारायची की हाक."

"कोण मारणार आजोबा? सगळ्यांची वाचाच बसली. पहिलं गिऱ्हाईक, भाव पाडून, न खाता, उठून गेलं. तो तिकडे खांबापाशी उभा आहे, अजून हाक मारतील म्हणून हसतोय. थिनकाकांनी कागद जाळला, पण तेच म्हणतात की कागदाने गाडीचं जळतं, दुकानाचं वर्ष जळत नाही. शटर ओढा म्हणतायत, पुढचा मुहूर्त बघा म्हणतायत. तो दीड महिन्यावर आहे. तोवर भाडं कोण भरणार? मावशी भिंतीला टेकून खाली बसलीय. रडत पण नाहीये."

खोटं कशाला बोला, तामकाकांना बरं वाटलं. क्षणभर अगदी थंडगार बरं वाटलं. बघा म्हणावं, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागलं की असं होतं. पण 'रडत पण नाहीये' हे शब्द काही हलेनात. एकोणीस वर्षांची लुआसुद्धा त्या रात्री रडत नव्हती, नुसती टोपाकडे बघत होती.

काका उठले. आता जाऊन बसून उपयोग नव्हता. दुसऱ्या गिऱ्हाइकाची भवानी होत नाही, हे त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक? ते दोन पावलं दाराकडे गेले, थांबले, वळून स्वयंपाकघरात गेले, आणि क्वेनने आमटीसाठी ठेवलेल्या टोपलीतली दोन लिंबं उचलून खिशात टाकली.

"आजोबा, ती लिंबं..."

"तुझी आमटी आज लिंबाशिवाय होईल. आणि मी सकाळी घरात नव्हतो, समजलं?"

"तुम्हाला सकाळी पाय टेकता येत नव्हता."

"तेच म्हणतोय. तोंड बंद."

वीस वर्षांत काका भवानीच्या बाबतीत एकदाही खोटं बोलले नव्हते. गोडही नाही. जे आवडलं नाही त्याला चांगलं म्हटलं नाही, दुसरं काहीतरी चांगलं शोधून त्याला म्हटलं. लोक त्यांच्या शब्दावर टोपाची झाकणं उघडत होते ते उगाच नाही. आता ते सगळं खिशातल्या दोन लिंबांवर लावून ते गल्लीच्या तोंडाकडे लंगडत चालले होते, आणि उद्या दुकान बुडालं तर नाव त्यांचंच येणार होतं.

दुकानापुढे माणसंच माणसं, आणि शटर अर्धं खाली. लोकांनी सदरा बघून वाट दिली. आत लुआ भिंतीशी बसली होती. चाळीशीची बाई, नवं फुलाफुलांचं पोलकं, केसांत गजरेवालीने प्रेमाने खोचलेलं फूल. तिने वर बघितलं आणि नजर खाली वळवली.

"शटर का ओढलंय रे?" काकांनी थिनला विचारलं.

"तुम्हाला कळलं नाही का काका? भवानी नासली."

"कुणाची?"

"दुकानाची, आणखी कुणाची?"

"दुकानाची भवानी सकाळी सहालाच झालीय," काका म्हणाले, गल्लीला ऐकू जाईल असं. "मी केली. बर्फवाला शटर उघडं टाकून लाद्या उतरवत होता, आत चिटपाखरू नव्हतं. मी खोक्यातून दोन लिंबं उचलली आणि पैसे त्या कपाटाच्या फळीवर ठेवले. मोजून, भाव न करता. ही बघा." त्यांनी हात पुढे केला. "तुम्ही मला बोलावलं नाहीत, मग काय करणार? वीस वर्षांचा हक्क मला सुटेना. चोरून केली. तोंड दाखवायला लाज वाटली म्हणून घरात बसून होतो. आता काय शिव्या द्यायच्या त्या द्या."

सगळे लुआकडे बघायला लागले. लुआ त्या दोन लिंबांकडे बघत होती. बराच वेळ बघत होती.

मग ती उठली, हात पोलक्याला पुसले आणि कपाटाच्या फळीपाशी गेली. पाठ लोकांकडे करून तिने तिथे काहीतरी चाचपलं आणि मूठ मिटली.

"आहेत पैसे," ती म्हणाली. "मला वाटलं थिनने ठेवलेत." मग वळून एकदम कडाडली, "काय म्हणावं या माणसाला? म्हाताऱ्याने माझ्या दुकानाची भवानी चोरली आणि इथे माझा जीव जायची वेळ आली. सांगता येत नव्हतं सकाळी?"

"घाबरलो गं तुला."

थिन पहिल्यांदा हसला. मग सगळी गल्ली हसली, आणि कुणीतरी शटर असं जोरात वर ढकललं की फुलांचा एक स्टँड आडवा झाला. "म्हणजे तो दाढीवाला दुसरं गिऱ्हाईक होता तर," पापडवाली म्हणाली. "दुसऱ्याने काय फरक पडतो, दुसरे काय, येतात नि जातात."

काका रस्त्यालगतच्या पहिल्या टेबलावर बसले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत, त्यांनी काम केलं. नारळाच्या दुधातली थाळी, लसणावर परतलेली थाळी, कोळशावर भाजलेले शिंपले. प्रत्येक घासाला डोळे मिटले, प्रत्येक थाळीला रस्त्याला ऐकू जाईल असा एक शब्द, आणि त्यातला एकही खोटा नव्हता. स्कूटरी हळू व्हायला लागल्या, मग थांबायला लागल्या. तो दाढीवाला पोरगा अजून खांबापाशीच होता, आता हसत नव्हता. काकांनी त्याला हात केला. तीस वर्षं पाहुण्यांना हात केलेला माणूस तो, त्यांचा हात कुठल्याही देशाच्या माणसाला कळायचा. पोरगा येऊन समोर बसला. काकांनी त्याला टाचणी धरायला शिकवली, गोगलगाय कशी फिरवत ओढायची ते दाखवलं, आणि पहिली तुटली, दुसरी तुटली, तिसरी अख्खी बाहेर आली तेव्हा तो असा खूश झाला की शेजारच्या टेबलावरच्यांनी त्याच्यासाठी बिअर मागवली. आठच्या आठ टेबलं भरली, आणि फुटपाथवर जुनी स्टुलं काढावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा बरा नव्हताच, पण काकांना घरात करमेना. ते दुकानापाशी आले. लुआ एकटी होती, पाटावर बसून गोगलगायी धूत होती. कोपऱ्यात जमिनीवर भूमिदेवाचा छोटा देव्हारा मांडलेला. त्यात तो हसरा ढेरपोट्या देव, त्याच्यापुढे काळी कॉफी, पेटवलेली सिगरेट, आणि शेजारी दोन लिंबं.

"ती का ठेवलीस तिथे?" काकांनी विचारलं.

"मग कुठे ठेवू? माझ्या दुकानात लिंबाला जागाच नाही." ती धूत राहिली. "काका, वीस वर्षं माझ्या हातचं खाताय. कधी लिंबू बघितलंत?"

काकांनी परातींकडे बघितलं. मीठ-मिरी, आलं, गवती चहा, आणि दोन टोपल्या भरून ती आंबट संत्री. नुसती संत्री. लिंबाने गोगलगाय कडवट होते, हे लुआच्या आईचं म्हणणं काकांना आईच्या तोंडूनच माहीत होतं. कितीतरी वेळा ऐकलं होतं. ते मटकन स्टुलावर बसले.

"म्हणजे तू ओळखलंस."

"हातात बघितल्या बघितल्या."

"आणि फळीवरचे पैसे?"

"फळीवर धूळ होती."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर शटर वर गेलं असतं का?" लुआने पाणी ओतलं, हात झटकले. "मी तुम्हाला न विचारता त्या पोराला बोलावलं. तुमच्या दारात यायचं धाडस झालं नाही, नातीला पुढे केलं. माझ्या तोंडावर दार लावलं असतंत तरी मला बोलायला जागा नव्हती. आणि तुम्ही लिंबं घेऊन आलात." ती उठली आणि गल्ल्याचा खण ओढून उघडला.

खण रिकामा होता. कोरा, लाकडाचा वास येणारा. नोटा सगळ्या खाली एका प्लास्टिकच्या बादलीत पडल्या होत्या, चुरगळलेल्या, ओल्या, वर ताट झाकलेलं.

"रात्रभर बादलीत टाकले," ती म्हणाली. "भवानी झाल्याशिवाय खणात पैसा कसा टाकू? मी रात्रीच पंचांग बघितलं. आजची सकाळसुद्धा चांगली आहे, नऊपर्यंत. बसा. आणि काका, पैसे लागतील. फुकट चहा इथे मिळत नाही."

तिने एक थाळी वाफवली आणि पुढे ठेवली. काकांनी टाचणीने पहिली गोगलगाय ओढली, संत्रं पिळलं, तोंडात टाकली, पण डोळे मिटायची सोय नव्हती, ते भरून आले होते. थाळी संपल्यावर त्यांनी खिशातून नोट काढली आणि खणात ठेवली. आता चांगला शब्द बोलायचा होता. रस्त्यावर ऐकायला कुणी नव्हतं, आणि काकांना त्या एका सकाळी शब्दच सापडेना.

"झाली का भवानी?" लुआने विचारलं.

काकांनी मान हलवली. लुआने खण लोटला आणि संध्याकाळसाठी गवती चहा कापायला घेतला.